स्थिर मणका, अस्थिर मणका

पाठीच्या कण्याच्या अस्थिभंगाचा इतिहास पाहू जाता असे आढळते की या एका नावाखाली दोन निरनिराळ्या दुखापती शतकानुशतके एकत्र धरल्या गेल्या. मणका हे हाड आहे, इतर हाडांप्रमाणे ते मोडते आणि बहुधा सांधूनही येते. परंतु एकावर एक रचलेल्या मणक्यांच्या मागच्या कमानींतून जी नळी तयार होते, तिच्यातून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून निघालेला करंगळीएवढ्या जाडीचा मज्जातंतूंचा दोर, कमरेच्या वरच्या अंगापर्यंत उतरतो, आणि तो चिरडला गेला तर हाडासारखा पुन्हा जुळत नाही. हाड मोडले पण दोर वाचला. हाडाबरोबर दोरही गेला. किंवा दोर आज वाचला आहे, पण रोग्याला वेडेवाकडे हलवले तर उद्या जाईल, अशा तीन अवस्था वैद्यापुढे येऊ शकतात. पहिल्या दोन ओळखणे फार जुन्या काळापासून जमत होते. तिसरी नेमकेपणाने ओळखायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि त्या ओळखीचे मोठे श्रेय इंग्लंडच्या कोळसापट्ट्यातील रुग्णालयांकडे जाते.

एडविन स्मिथ नावाच्या संग्राहकाने १८६२ मध्ये इजिप्तमधील लक्सर येथे विकत घेतलेला आणि आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा पपायरस इ. स. पू. १६०० च्या सुमारास उतरवून घेतलेला असून त्यातील मजकूर त्याहूनही जुना आहे. त्यात जखमांची ४८ प्रकरणे डोक्यापासून खाली अशा क्रमाने दिली आहेत, आणि कण्याच्या मुरगळीपाशी पोचल्यावर लेखनिकाने ओळ अर्धवट सोडलेली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वैद्याने तीनपैकी एक निवाडा द्यायचा असतो: उपचार करण्याजोगे, झुंज देण्याजोगे, किंवा उपचार न करण्याजोगे. मान मुरगळलेल्या माणसाला खांद्याकडे वळून पाहता येत नाही, तो उपचार करण्याजोगा ठरतो. मानेचा मणका निखळून ज्याला हातापायांची जाणीव राहिलेली नाही आणि ज्याची लघवी नकळत ठिबकते, तो तिसऱ्या निवाड्यात जातो. हाड आणि दोर यांतील भेद त्या वैद्यांना कारण म्हणून ठाऊक नसला, तरी लक्षणे म्हणून पुरेपूर ठाऊक होता, असे यावरून म्हणता येते. तिसरा निवाडा क्रूर वाटतो खरा, पण त्यात थोतांड नाही.

थोतांडाचा प्रश्न ग्रीसमध्ये उभा राहिलेला दिसतो. हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात, पाठीला कुबड आलेल्या रोग्याला शिडीला आवळून बांधायचे, शिडी उंच भिंतीवर ओढायची आणि एकदम खाली सोडायची, या त्या काळी रूढ असलेल्या उपायाचे सविस्तर वर्णन आहे. मात्र हा प्रयोग बहुतकरून बघ्यांची गर्दी जमवू पाहणारे वैद्य करतात, असा टोलाही ग्रंथकाराने तिथेच हाणला आहे. त्याची स्वतःची पसंती लाकडी बाकावर रोग्याला पालथे निजवून दोन्ही टोकांना ताण देण्याला आणि त्याच वेळी कुबडावर दाब देण्याला होती. पाठीवरून हात फिरवला की बोटांना लागणारे मणक्यांचे मागचे काटे मोडले तर ते लवकर भरून येतात आणि अशा रोग्याला धोका नसतो, हे त्याचे निरीक्षण आजही तंतोतंत खरे आहे.

सुश्रुतसंहितेचा मार्ग याच्या उलट, हालचाल थांबवण्याचा आहे. चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात मांडी व पोटरीच्या अस्थिभंगासाठी कपाटशयन सांगितले आहे, म्हणजे रोग्याला दाराच्या फळीसारख्या सपाट फळीवर निजवायचे आणि मोडलेला भाग हलू नये म्हणून फळीत पाच खुंट्या ठोकून, सांध्याच्या दोन्ही अंगांना दोन दोन आणि तळपायाशी एक, त्यांना तो बांधून ठेवायचा. आणि हाच विधी कटी, पृष्ठवंश व छाती यांच्या दुखापतींतही वापरावा असे पुढे म्हटले आहे. पृष्ठवंशाचा उल्लेख तिथे जेमतेम एका शब्दाचा आहे, त्यामुळे त्यावरून प्राचीन भारतात कण्याचे शास्त्र विकसित झाले होते असा डोलारा उभारण्यात अर्थ नाही. पण मोडलेल्या कण्याला हिसके देण्यापेक्षा त्याला निश्चल ठेवावे, हा विचार त्या एका शब्दातही स्पष्ट आहे.

यानंतरची दीड-दोन हजार वर्षे या कथेत झपाट्याने ओलांडता येतात. गेलनने प्राण्यांचा मज्जारज्जू निरनिराळ्या उंचीवर छेदून कोणत्या छेदाने शरीराचा कोणता भाग लुळा पडतो हे दाखवले; सातव्या शतकात पॉल ऑफ एजिनाने दोरावर दाब देणारे हाडाचे तुकडे कापून काढावेत असे सुचवले; आणि १८१४ मध्ये लंडनच्या हेन्री क्लाइन या शल्यविशारदाने ते प्रत्यक्ष करून पाहिले, तेव्हा रोगी काही दिवसांत दगावला आणि अशी शस्त्रक्रिया करावी की करू नये यावर ॲस्टली कूपर व चार्ल्स बेल यांच्यात कडाक्याचा वाद झडला. जंतुनाशनापूर्वीच्या त्या काळात हा वाद सुटणे शक्यच नव्हते. १८९५ मध्ये रॉंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचा मोडलेला मणका प्रथमच डोळ्यांना दिसू लागला. तथापि क्ष-किरणांना फक्त हाड दिसते, दोर दिसत नाही आणि मणक्यांना बांधून ठेवणारी बंधनेही दिसत नाहीत, ही उणीव पुढे फार महाग पडली.

कोळशाच्या खाणीत कणा मोडतो तो विशिष्ट रीतीने. थर पातळ असेल तिथे कामगार गुडघ्यांवर बसून, पाठ पुढे वाकवून कोळसा खणतो. अशा वेळी वरचे छत सुटून त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर आले की आधीच वाकलेला कणा आणखी दुमडतो. छातीचे मणके बरगड्यांमुळे ताठ असतात आणि कमरेचे सुटे, म्हणून सगळा ताण या दोहोंच्या जोडावर, छातीच्या शेवटच्या व कमरेच्या पहिल्या मणक्यावर येतो. मणक्याचा पुढचा घन भाग, ज्याला मणक्याचे धड म्हणता येईल, तो पुढून चेपला जाऊन पाचरीसारखा होतो. दणका एका खांद्यावर बसला असेल तर कणा वाकतानाच पिळलाही जातो, आणि मग प्रकरण निराळेच होते.

असा एक खाणकामगार १९१७ मध्ये जर्मनीच्या सायलीशिया प्रांतातील कोनिग्सह्युट येथील रुग्णालयात आला तेव्हा तिथे अठरा वर्षांचा लुडविग गुटमान सेवक म्हणून काम करत होता. त्या धडधाकट तरुणाचा कणा मोडून कमरेखालचा भाग लुळा पडला होता, त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून इतरांपासून पडद्याआड ठेवले गेले, आणि थोड्याच आठवड्यांत मरणाऱ्या माणसाची टिपणे घेण्याच्या फंदात पडू नये, असे गुटमानला सांगण्यात आले. पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीतील जंतुसंसर्ग यांनी तो पाच आठवड्यांत गेलाही. साडेतीन हजार वर्षांनंतरही निवाडा तिसराच होता. पहिल्या महायुद्धात कणा मोडून लुळ्या पडलेल्या सैनिकांची गत याहून फारशी वेगळी नव्हती.

ज्यांचा दोर वाचला होता त्यांच्या बाबतीत मात्र दोन महायुद्धांमधला काळ उत्साहाचा होता. व्हिएन्नामध्ये कामगार विमा संस्थेच्या अपघात रुग्णालयात लोरेन्झ ब्योलरने पद्धत बसवली ती अशी: कणा पुढे दुमडून मोडला आहे, तेव्हा त्याला मागे वाकवून पाचर पूर्ववत उघडायची, मग धडाभोवती प्लॅस्टरचे जाकीट चढवायचे, आणि रोग्याला अंथरुणात लोळू न देता लगेच व्यायामाला लावायचे. रोग्याला दोन टेबलांमध्ये पालथा झुलता ठेवला की त्याच्याच वजनाने पाठ मागे वाके. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड वॉटसन-जोन्सने या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. क्ष-किरण चित्रात मणका पूर्ववत चौकोनी दिसला पाहिजे, हा यामागचा आग्रह. आणि चित्र नीट तर माणूस नीट, हे त्यामागचे गृहीत.

या गृहीताला धक्का दिला तो नॉटिंगहॅमशायरमधील मॅन्सफिल्डच्या ई. ए. निकोल यांनी. त्यांच्याकडे बहुतेक रोगी कोळसा खाणींतून येत आणि जवळच्याच बेरी हिल हॉल या खाणकामगारांच्या पुनर्वसन केंद्रात त्यांना पुन्हा कामायोग्य केले जाई, त्यामुळे इतर शल्यविशारदांना सहसा न मिळणारी एक गोष्ट निकोल यांच्या हाती होती: वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. हा माणूस परत खाणीत उतरला का, प्रत्यक्ष कोळसा खणू लागला की वरच्या हलक्या कामावर राहिला, हे त्यांना कळत होते. दीडशेच्या घरातील कामगारांचा अभ्यास करून १९४९ मध्ये त्यांनी जो निष्कर्ष मांडला त्याने प्लॅस्टरवाल्यांचा हिरमोड झाला असणार. मणका पाचरीसारखाच राहिलेले अनेकजण पूर्ण ताकदीने कामावर परतले होते, आणि चित्रात मणका सुरेख दिसणारे काहीजण पाठदुखीने बेजार होते. चित्रातील आकार आणि माणसाची कार्यक्षमता यांचा संबंध गृहीत धरला होता तितका घट्ट नव्हता.

मग महत्त्वाचे काय? निकोल यांनी अस्थिभंगाचे स्थिर व अस्थिर असे दोन भाग पाडले. स्थिर म्हणजे ज्यात मणका चेपला तरी जागेवरून आणखी सरकणार नाही, आणि अस्थिर म्हणजे ज्यात तो पुढे सरकून दोराला इजा करू शकतो. आणि या दोहोंतील सीमारेषा त्यांनी पुढच्या मोडलेल्या धडात न शोधता मागे, दोन मणक्यांच्या काट्यांना जोडणाऱ्या बंधनात शोधली. ते बंधन शाबूत असेल तर रोग्याला प्लॅस्टरची गरज नाही, थोडे दिवस अंथरूण आणि नंतर स्नायूंचे व्यायाम पुरेत. ते तुटले असेल तर सावध राहावे. जे मोडलेले ठळक दिसते ते दुय्यम आणि जे क्ष-किरणांना दिसतच नाही ते निर्णायक, असा हा उफराटा निष्कर्ष होता.

हा विचार पूर्णत्वास नेला शेफील्डच्या फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी. शेफील्ड हे पोलादाचे शहर आणि भोवताली खाणी, त्यामुळे त्यांच्याकडेही अशा रोग्यांची वाण नव्हती. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी कण्याचे पुढचा व मागचा असे दोन स्तंभ कल्पिले: पुढे मणक्यांची धडे आणि त्यांमधल्या चकत्या, मागे सांधे, काटे आणि त्यांना बांधणारी बंधने. नुसत्या वाकण्याने मागची बंधने सहसा तुटत नाहीत, ती तुटतात वाकण्याला पीळ मिळाला की, हे त्यांनी दाखवले. त्यांची तपासणीची रीत आजच्या यंत्रयुगातही वाचण्यासारखी आहे. रोग्याला सांभाळून कुशीवर वळवायचे. खांद्यावर किंवा पाठीच्या एका बाजूला खरचटले आहे का ते पाहायचे, कारण ते पिळाची साक्ष देते. आणि मग बोट काट्यांवरून एकेक करत खाली न्यायचे. बंधन तुटलेले असेल तिथे दोन काट्यांमध्ये बोट आत शिरते. ती पोकळी हाताला लागली की कणा अस्थिर आहे हे चित्र न पाहताही कळते. (मराठी बोलण्यात कोणत्याही जुनाट पाठदुखीला ‘मणक्यात गॅप’ म्हणण्याची सवय आहे, त्या गॅपचा या पोकळीशी काही संबंध नाही; तिथे बहुधा झिजलेल्या चकतीबद्दल बोलणे चाललेले असते.)

उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाचा कणा वेगळ्या तऱ्हेने मोडतो, हेही होल्ड्सवर्थ यांनी स्पष्ट केले. पडताना कणा सरळ असेल तर दाब वरून खाली येतो, चकतीतील मऊ गर मणक्याच्या धडात घुसतो आणि धड आतून फुटून चहूकडे पसरते. या प्रकाराला त्यांनी स्फोटाचे नाव दिले. कोकणात किंवा गोव्यात नारळाच्या झाडावरून पडलेल्या माणसाच्या बाबतीत हीच यंत्रणा काम करते, आणि अशा रोग्याची टाच मोडलेली दिसली तर अनुभवी डॉक्टर कमरेच्या मणक्यांचेही चित्र काढून घेतात, कारण एकच दणका टाचेतून वर चढत कण्यापर्यंत पोचलेला असतो. होल्ड्सवर्थ यांनी स्फोटभंगाला, मागची बंधने शाबूत असतात म्हणून, स्थिर गटात घातले. पुढच्या पिढीला हे पटले नाही, कारण फुटलेल्या धडाचा मागचा तुकडा नळीत घुसून दोरावर दाब देऊ शकतो.

अस्थिर कण्याचे करायचे काय, यावर इंग्लंडमध्ये दोन पक्ष पडले. होल्ड्सवर्थ मणक्यांच्या काट्यांना धातूच्या पट्ट्या बसवून कणा आतून जखडत. त्यामुळे लुळ्या रोग्याला दर थोड्या वेळाने वळवणे परिचारिकांना सोपे जाते, हे त्यांचे व्यवहारी कारण होते. दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या लुडविग गुटमान. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या गुटमानकडे १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मॅन्डव्हिल येथे मज्जारज्जूच्या रोग्यांसाठी उघडलेल्या विभागाची सूत्रे देण्यात आली, आणि तिथे त्यांनी केले ते शस्त्रक्रियेच्या मानाने अगदी साधे होते: रोग्याला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, पाठीच्या त्वचेची रोज पाहणी करायची, मूत्राशय निर्जंतुक नळीने ठरावीक वेळी रिकामे करायचे, आणि मोडलेला कणा उशांच्या आधाराने हळूहळू मूळ वळणावर आणायचा. कोनिग्सह्युटचा कामगार कण्याने मेला नव्हता, तो पाठीच्या जखमांनी आणि मूत्राशयाने मेला होता, हे या सगळ्याच्या मुळाशी होते. मज्जारज्जूच्या रोग्याचे आयुष्य आठवड्यांवरून दशकांवर गेले ते मुख्यतः या पहारेवजा शुश्रूषेमुळे, ही गोष्ट शल्यक्रियेच्या इतिहासग्रंथांत पुरेशा ठळकपणे येत नाही.

जगणारा माणूस मग दिवसभर करणार काय, हा प्रश्न त्यातूनच उद्भवला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मॅन्डव्हिलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांनी चाकाच्या खुर्च्यांत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्याच परंपरेतून १९६० पासून पॅरालिम्पिक स्पर्धा सुरू झाल्या. महाराष्ट्राचा या धाग्याशी संबंध थेट आहे. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी मिळवलेले सुवर्णपदक हे पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्ण. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ मध्ये मिळाली. पुण्यात खडकीला लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते १९७४ मध्ये.

यंत्रांचा काळ यानंतरचा. १९७१ मध्ये हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनने पहिला रोगी तपासला आणि दशकभरात मणक्याचा आडवा छेद, नळीत घुसलेल्या तुकड्यासकट, दिसू लागला. त्या चित्रांच्या आधारे अमेरिकेतील फ्रान्सिस डेनिस यांनी १९८३ मध्ये ४१२ रोग्यांचा अभ्यास मांडून दोनऐवजी तीन स्तंभांची कल्पना पुढे केली आणि धडाच्या मागच्या भिंतीला मधल्या स्तंभाचा मान दिला. पॅरिसमध्ये रेमों रुआ-कामी यांनी मणक्याचे धड व मागची कमान जोडणाऱ्या दोन आखूड खांबांतून स्क्रू घालण्याचे तंत्र १९६० च्या दशकापासून विकसित केले होते. ते हाती आल्यावर काट्यांवरच्या जुन्या पट्ट्या मागे पडल्या, कारण काट्याची पकड वरवरची आणि या स्क्रूची धडापर्यंत खोल. साधन मिळाले की त्याचा वापर वाढतो, तसे इथेही झाले, आणि मज्जारज्जू शाबूत असलेल्या स्फोटभंगांवरही सर्रास शस्त्रक्रिया होऊ लागल्या. २००३ मध्ये अमेरिकेत ४७ रोग्यांवर झालेल्या एका तुलनेत मात्र, स्थिर आणि दोराला इजा नसलेल्या स्फोटभंगात शस्त्रक्रिया केलेल्यांना प्लॅस्टर किंवा पट्टा बांधलेल्यांपेक्षा दीर्घकाळात सरस फळ मिळाल्याचे दिसले नाही. निकोल यांच्या खाणकामगारांनी अर्धशतकापूर्वी जवळजवळ हेच सांगितले होते. २००५ मध्ये गुण देऊन निर्णय घेण्याची जी पद्धत अमेरिकेतून पुढे आली, तिच्यात तीन गोष्टींना गुण आहेत: मोडीचा प्रकार, मज्जारज्जूची अवस्था आणि मागच्या बंधनांची अवस्था. होल्ड्सवर्थ यांचे बोट ज्या पोकळीत शिरत असे तीच आता एमआरआयच्या चित्रात शोधली जाते.

या सबंध इतिहासातील रोगी बहुतेक पुरुष आहेत: पडलेले, गाडले गेलेले, गोळी लागलेले. प्रत्यक्षात मणक्याच्या अस्थिभंगांची सर्वांत मोठी संख्या हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांची, त्यातही वृद्ध स्त्रियांची आहे, आणि त्यासाठी छत कोसळावे लागत नाही. पाण्याची बादली उचलताना, कधी नुसते खाली वाकतानाही मणका चेपतो. घरात त्याची नोंद आजी वाकत चालली, तिची उंची कमी झाली, एवढीच होते, कारण यांतले बहुतेक भंग कुठल्याच डॉक्टरच्या नजरेस येत नाहीत. त्यांच्यावर उपाय म्हणून चेपलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याची युक्ती फ्रान्समध्ये १९८४ मध्ये एका वेगळ्याच विकारासाठी प्रथम वापरली गेली आणि नंतर ठिसूळ मणक्यांसाठी जगभर पसरली. २००९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, ज्यांत काही रोग्यांना खरे सिमेंट आणि काहींना नुसताच सुईचा देखावा मिळाला होता, आणि दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले होते.